साउंडवाल्या काकांना विचारा : तीन बँड बघितले, शब्द एक कळला नाही

मागच्या अंकात मी आपल्याकडच्या छोट्या जागांमध्ये वाजवणाऱ्या, नाव नसलेल्या बँडबद्दल चार ओळी खरडल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं आली की लग्नातल्या डीजेचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलतोय. डीजेवाल्यांनी रागवू नये, ते तसेही माझं ऐकत नाहीत.

प्रश्न : मी जालन्याचा, बँकेत नोकरी, वय ५२. मुलगी छत्रपती संभाजीनगरला शिकते. तिनं मला कॅनॉटजवळच्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर गाणं ऐकायला नेलं. तिकीट २०० रुपये, तीन बँड, एकाचंही नाव कधी ऐकलेलं नाही. बसायला खुर्च्या नव्हत्या, म्हणून मी दाराजवळच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा राहिलो. गाणी मराठी होती असं मुलगी सांगते. मला एक शब्द कळला नाही. मध्ये मी ‘एखादं जुनं म्हणा की’ म्हणून आवाज दिला तर मुलीनं कोपर मारलं. जालना रोडनं परत येताना घरापर्यंत कानात शिट्टी वाजत होती. मुलगी पुन्हा बोलावतेय. जावं का?

उत्तर : जा साहेब. कॉलेजातली मुलगी आपल्या दोस्तांच्या घोळक्यात बापाला घेऊन जाते, ही गोष्ट २०० रुपयांत कुठं मिळते? फक्त पुढच्या वेळी कोपरा सोडा.

बंद खोलीत खर्जाचा आवाज, म्हणजे बास गिटार आणि ड्रमचा पायानं वाजवायचा मोठा ढोल, भिंतींवर आपटून कोपऱ्यात जमा होतो. दोन भिंती आणि फरशी जिथं मिळतात तिथं तो सगळ्यात जाड. शब्द नेमके उलटे वागतात. ‘क’, ‘त’, ‘स’, ‘च’ यांची धार साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. हा बारीक आवाज पुढच्या माणसांच्या पाठीला अडतो, त्यांच्या कपड्यांत मुरतो. तुम्ही मागच्या कोपऱ्यात होता, तुमच्यापुढं पन्नास-साठ पोरं. म्हणजे छातीत धडधड पूर्ण, स्वर अर्धेमुर्धे आणि व्यंजनं गायब. ‘आ, ओ, ए’ ऐकून कुणाला कविता कळणार?

पुढच्या वेळी आत गेल्या गेल्या मिक्सर शोधा. खोलीच्या मधल्या भागात, जरा मागं, एक माणूस बटणांच्या पाटीवर मान घालून उभा असतो. तो मी असायची शक्यता बरीच आहे. तो माणूस आपल्या कानाला जे पटेल तसा आवाज लावतो, म्हणून त्याच्या आसपास जे ऐकू येतं तेच खोलीतलं सगळ्यात नीट गाणं. त्याच्या पुढं दोन हातांवर उभं राहायचं. एकच विनंती, हातातली कोल्ड कॉफी त्याच्या टेबलावर ठेवायची नाही.

आता पोरांची बाजूही ऐका. एवढ्याशा खोलीत ड्रमला माईक लावतच नाहीत. जोरात वाजवला की तो जवळून आपणहून शंभर डेसिबलच्या पुढं जातो. तो एवढा मोठा, म्हणून गिटारवाला आपला ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, वाढवतो, त्याचं बघून बासवाला वाढवतो, आणि गाणारा बिचारा गळा फाडत राहतो. मी त्याचा आवाज वाढवायला जावं तर माईक समोरच्या स्पीकरचा आवाज पकडून शिट्टी मारतो. तिथं माझा हात संपला. म्हणून मी बँडची परीक्षा ड्रमरवरून करतो. छोट्या खोलीत चांगला ड्रमर म्हणजे हळू वाजवता येणारा ड्रमर. जोरात तर कुणीही वाजवतं.

शब्द पोचवणं आपल्या मुलखाला नवीन नाही. तुमच्या वयाच्या माणसानं १४ एप्रिलच्या रात्री गावोगाव झालेले भीमगीतांचे कार्यक्रम ऐकलेच असतील. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी गाणाऱ्या कितीतरी गायनपार्ट्या एका माईकवर रात्र काढायच्या. ज्याची ओळ तो एक पाऊल पुढं यायचा, कोरस मागं सरकायचा, ढोलकीवाला बाजूला. मिक्सर नव्हता, मिक्सिंग पायांनी व्हायचं. आणि वर झाडाला बांधलेला भोंगा. भोंगा कानाला गोड लागत नाही, त्यात खर्ज नावालाही नसतो, पण व्यंजनांचा पट्टा तो चोख फेकतो. म्हणून शिवारात पाणी देणाऱ्याला बांधावर उभं राहून अख्खं कडवं कळायचं. आजच्या पोरांकडं लाखाचे स्पीकर आहेत आणि शब्द दारापर्यंत पोचत नाहीत, याचा मला खरंच राग येतो. त्यात ‘काका, जरा इको वाढवा’ ही आपल्याकडची जुनी खोड. इको वाढला की गाणाऱ्याला आपण मोठे झाल्यासारखं वाटतं आणि ऐकणाऱ्याला एका शब्दावर दुसरा शब्द चढलेला ऐकू येतो. मी ‘हो, वाढवला’ म्हणतो आणि बटणाला हात लावत नाही.

शब्द पोचले की काय होतं ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात माजलगावकडची पोरं वाजवायला आली होती. एक गिटार, एक बास आणि ड्रमच्या जागी हलगी. बाहेर झड लागलेली. हलगीचं कातडं ओलाव्यानं सैल पडलं की ती ठण्ण वाजायची सोडून भद भद करते. गावात असतं तर पाचट, कागद, काहीही पेटवून शेकून घेतली असती. इथं वरच्या मजल्यावर आग कुठं पेटवणार? पोरगा सरळ किचनमध्ये गेला. सँडविचवाल्याला म्हणाला, ‘दादा, तवा जरा सरकवा.’ शेगडीच्या वर वीतभर अंतरावर त्यानं हलगी आडवी धरली आणि हळूहळू फिरवायला लागला. मध्येच कानाजवळ आणून बोटाच्या पेरानं टिचकी मारायचा, मान हलवायचा, परत शेगडी. चार-पाच फेऱ्यांनंतर टिचकीचा आवाज बदलला, मला दारात उभ्या उभ्या कळला. प्रत्येक दोन गाण्यांनंतर तो असा किचनमध्ये जाऊन यायचा आणि तेवढ्या वेळात गाणारा लोकांशी बोलायचा.

त्यांचं एक गाणं ऊसतोडीवर होतं. मुकादमाकडून घेतलेली उचल, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, दिवाळीनंतर कुलूप लागलेलं घर आणि आजीपाशी ठेवलेलं शाळेतलं लेकरू. हलगीवाला कडव्याला फक्त बारीक काडी चालवत होता, थापी धृपदालाच मारायचा. शब्दनशब्द मागच्या भिंतीपर्यंत गेला. ‘उचल फिटली का’ या ओळीला मागून एक पोरगा मोठ्यानं म्हणाला, ‘कशाची फिटतीय!’ सगळे हसले आणि गाणाऱ्यानं तीच ओळ त्याच्याकडं बघून पुन्हा म्हटली. बीडचा आहे म्हणाला तो नंतर, आईवडील अजून दरवर्षी कारखान्यावर जातात. नाव झालेल्या बँडच्या मोठ्या मैदानावर ही सवाल-जवाबाची सोय नसते.

आता तुमच्या ‘जुनं म्हणा’कडं येतो, कारण मुलीनं कोपर मारलं ते बरोबरच होतं. चूक तुमची नाही, सवयीची आहे. लग्नाच्या ऑर्केस्ट्राला आपण पन्नासाच्या नोटेबरोबर फर्माईशीची चिठ्ठी पाठवतो. त्यांचं पोट त्यावर चालतं, तिथं जरूर पाठवा. या पोरांना मात्र पंचवीस-तीस मिनिटं मिळतात. वर्षभरात जमवलेली स्वतःची पाच-सहा गाणी तेवढ्यात बसवायची असतात. तुमच्या एका फर्माईशीनं त्यातलं एक मरतं. आणि ती गाणी दुसरीकडं कुठं ऐकवणार? गॅदरिंगला सिनेमाची लागतात, गणपतीत गणपतीची. अनोळखी माणसांनी शांत उभं राहून ऐकावं अशी ही एकच जागा आहे. आवाज द्यायचाच असेल तर आवडलेल्या गाण्याला ‘वन्स मोअर’ द्या. संगीत नाटकापासूनची आपली रीत आहे, आणि एकवीस वर्षांच्या गाणाऱ्याला ५२ वर्षांच्या माणसाचा वन्स मोअर मिळाला की तो आठवडाभर जमिनीवर नसतो.

कानाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा धरतात. पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला गाडी पंधरा मिनिटांवर येते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची वरची मर्यादा सांगितली आहे. ती वरची मर्यादा आहे, तिथपर्यंत जायलाच पाहिजे असं नाही. कानात शिट्टी वाजणं म्हणजे जास्त झाल्याची पावती. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग स्वस्तात मिळतात. बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत धरायचे. नुसते कानाच्या तोंडाशी ठेवले तर उपयोग शून्य. दोन बँडच्या मधल्या वेळात खाली जाऊन चहा घ्या, कानालाही तेवढा विसावा. शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली तर कानाच्या डॉक्टरांकडं जा.

आणि वेळेवर जा. आवाज तपासायचा क्रम उलटा असतो. शेवटी वाजवणारा बँड दुपारी सगळ्यात आधी तपासतो, पहिला वाजवणारा सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याचं सामान मांडलेलंच राहतं. पण दुपारी सगळं उशिरा चालतं आणि शेवटच्याच्या वाट्याला ‘हॅलो, चेक, चेक’ म्हणायला पाच मिनिटं उरतात. म्हणून पहिल्या बँडचं पहिलं गाणं कच्चं वाटतं. ते पोरांचं कच्चेपण नाही, माझी बटणं तेव्हा फिरत असतात. पहिल्या बँडचे दोस्त त्यांचं झालं की निघून जातात, ही मात्र मला पटत नाही अशी गोष्ट. तिसऱ्या बँडला रिकाम्या खोलीत वाजवावं लागतं. तुम्ही जालन्याहून येऊन शेवटपर्यंत थांबलात हे त्या पोरांनी नक्की पाहिलं असेल.

प्रश्न : काका, नांदेडहून लिहितेय. सातवी आणि दहावीतल्या माझ्या दोन्ही मुलींना असं गाणं ऐकायचंय. रात्री किती वाजेपर्यंत चालतं? न्यावं का?

उत्तर : न्या ताई, तुम्हीही सोबत थांबा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहाला आतल्या आत सूट आहे, पण कॅफेच्या खिडक्या कुठं बंदिस्त असतात? शेजाऱ्याचा फोन गेला की पोलीस येतात, म्हणून शहाणा मालक साडेसहाला सुरू करून पावणेदहाला थांबवतो. जायच्या आधी फोन करून दोनच गोष्टी विचारा : बायकांचं टॉयलेट वेगळं आहे का, आणि बाहेर पडायला जिना एकच आहे का. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर तो कार्यक्रम सोडा.

प्रश्न : आम्ही लातूरचे चौघं, इंजिनिअरिंगला. स्वतःची सहा गाणी तयार आहेत पण वाजवायला जागा नाही. हॉलवाले लग्नाचं भाडं सांगतात. ‘फुकट वाजवा, नाव होईल’ म्हणणारे पुष्कळ. मागच्या महिन्यात एका ठिकाणी वाजवलं तर गायकाच्या ओठाला माईकचा शॉक बसला, तेव्हापासून तो घाबरलाय. कुठून सुरुवात करावी?

उत्तर : शॉकपासून. तो घाबरला हे चांगलं झालं, तुम्ही तिघंही घाबरा.

तुमचा गायक गिटारही वाजवत असणार. गिटारच्या तारा वायरीतून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माईकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला. ॲम्प एका बोर्डवर, मिक्सर दुसऱ्या बोर्डवर, आणि एकाचं अर्थिंग मेलेलं असलं की दोन्हींत व्होल्टेजचा फरक पडतो. हात तारेवर, ओठ माईकवर, मधला रस्ता तुमच्या पोराच्या अंगातून. अशानं माणसं दगावलेली आहेत. म्हणून स्टेजवरचं सगळं सामान एकाच बोर्डवरून, तीन पिनांच्या वायरीनं घ्यायचं. ‘बसत नाही’ म्हणून तिसरी पिन तोडणाऱ्याला मी माझ्या सामानाजवळ उभा करत नाही. कुणीही माईकला तोंड लावायच्या आधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक माईकच्या जाळीला, दुसरं गिटारच्या तारेला लावा. आकडा शून्याच्या जवळ हवा. नसेल तर वायरमन येईपर्यंत वाजवायचं नाही, समोर कितीही पाहुणे बसलेले असोत. माईकला फोम घालून वेळ मारून नेणारे भेटतील. तो उपाय नव्हे.

लातूरला आणखी एक. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की निकामी होतो, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावं लागतं. २०१६ साली ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणून प्यावं लागलं त्या गावाला मी खड्ड्यात पाणी ओता म्हणून सांगतोय, कल्पना आहे मला. तरी ओता, बादलीभर.

जागेचं म्हणाल तर लातूरकरांनी जागा नाही म्हणावं याचंच मला हसू येतं. गल्लोगल्ली क्लासेस आहेत तुमच्याकडं! शंभर पोरांचा हॉल, पंखे, इन्व्हर्टर, वर सरांचा माईक. मेडिकलची ‘नीट’ परीक्षा आटोपली की काही आठवडे संध्याकाळी कुलूप असतं. ज्या सरांकडं शिकलात त्यांनाच जाऊन भेटा, पहिली गाणी ऐकायला त्यांनाही बोलवा. बाकं मागं सरकवायची आणि कार्यक्रम झाला की रांगेत परत लावून, झाडून द्यायचं. झाडून दिलं तर दुसऱ्यांदा हॉल मिळतो.

फुकट वाजवू नका. हिशोब साधा आहे. समजा तिकीट १५० रुपये आणि ६० माणसं, म्हणजे ९,००० रुपये. साउंड, टेम्पो आणि हॉलच्या वॉचमनचं मिळून ५,००० गेले. उरले ४,०००. दोन बँडची आठ पोरं, प्रत्येकी ५००. श्रीमंत होत नाही कुणी, पण तारांचा एक सेट आणि घरी जायचं पेट्रोल निघतं, आणि मुख्य म्हणजे पैसे देऊन आलेला माणूस गप्पा मारत नाही. दोस्तांना फुकट पास वाटायचे नाहीत. दोस्त असेल तर त्यानं आधी तिकीट काढावं.

तिकीट लावलं की पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या, परवानगीचा कागद खिशात ठेवा. दुसऱ्याची गाणी वाजवणार असाल तर आयोजकाला इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना घ्यावा लागतो. लग्नाला आणि धार्मिक विधीला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. ती तिकिटाच्या कार्यक्रमाला लावता येत नाही. तुमची सहाही गाणी तुमचीच आणि कुठल्या कंपनीला किंवा सोसायटीला दिलेली नसतील तर ही भानगडच नको. स्वतःचं गाणं वाजवायला आणखी एक कारण मिळालं.

बाकी बारीकसारीक : जादा तारा, जादा केबल, नऊ व्होल्टची बॅटरी, चिकटपट्टी. ट्यूनिंग करताना गिटारचा आवाज बंद ठेवा. मिनिटभर ‘टुंग टुंग’ ऐकवून लोकांना पळवून लावणारे बँड मी पाहिलेत. दोन गाण्यांच्या मध्ये एक वाक्य बोला, गाणं कशावर आहे तेवढंच. आणि सहाच गाणी आहेत तर सहाच वाजवून उतरा.

प्रश्न : राम कृष्ण हरी. पैठण तालुक्यातलं आमचं भजनी मंडळ आहे, मी पखवाज वाजवतो. गावातल्या पोरांनी गिटार, ऑर्गन जमवलंय आणि आता नाथषष्ठीनंतर एका हॉलात दोघांनी मिळून अभंग आणि भारूड करायचं ठरलंय. सरावाला गिटारपुढं माझा पखवाज ऐकूच येत नाही. माईक किती लावावेत?

उत्तर : राम कृष्ण हरी माऊली. माईकच्या आधी गिटारवाल्याचा ॲम्प खुर्चीवर चढवा आणि त्याच्याच कानाकडं तोंड करून ठेवा. जमिनीवर ठेवलेला ॲम्प त्याच्या पोटऱ्यांना ऐकू येतो, म्हणून तो वाढवत राहतो. कानाशी आला की पोरगा आपण होऊन कमी करेल, सांगावं लागणार नाही.

पखवाजाला दोन माईक. शाईच्या बाजूला एक, विसेक सेंटिमीटरवर, बोटं लागणार नाहीत असा. धुमेच्या, म्हणजे ओली कणीक लावतात त्या खर्जाच्या बाजूचा थोडा लांब आणि तिरका, नाहीतर कणकेच्या ‘घे’ला माईक गुदमरतो. कणीक त्या दिवशी जरा कमी लावून बघा. हॉलात खर्ज आपोआप वाढतो, जास्त कणकेनं शब्दावर चढेल. टाळकऱ्यांना माईक अजिबात नको. त्यांना गाणाऱ्याच्या मागं दोन पावलं उभं करा. टाळाचा आवाज नेमका शब्दांच्या पट्ट्यात आणि त्याच्या वर असतो, आणि गाणाऱ्याच्या माईकमध्ये तो घुसला की मी कितीही धडपडलो तरी बाहेर काढता येत नाही.

सूर आधी ठरवा. पखवाज ज्या पट्टीत लावलाय ती तुम्ही पोरांना सांगायची, त्यांनी गिटार तुमच्याकडं आणायची. गिटारला कापो नावाची क्लिप असते, ती सरकवली की पट्टी वर जाते. पखवाज ऐनवेळी ठोकत बसायचं तुमच्या वाट्याला येऊ देऊ नका. आणि भारुडाला सोंग घेणार असाल तर हातात माईक घेऊ नका. दोन्ही हात मोकळे नसले तर ते भारूड कसलं?

प्रश्न : हे सगळं पुण्या-मुंबईची नक्कल वाटतं. आपल्याकडं गोंधळ, भारूड, कव्वाली असताना कशाला हवं? (धाराशिव)

उत्तर : तुम्ही शेवटचा गोंधळ पूर्ण रात्र बसून कधी ऐकलात, ते आधी कळवा. वर माजलगावच्या पोरांचं लिहिलंय तेही वाचा.

प्रश्न : संभाजीनगरात उस्मानपुऱ्यात माझं छोटं हॉटेल आहे. वर ३० बाय २० ची खोली पडून आहे. एका भिंतीला पूर्ण काच, खाली फरशी. पोरं वाजवायला मागतायत. खर्च न करता आवाज नीट होईल का?

उत्तर : फरशी, काच आणि सपाट छत म्हणजे टाळी वाजवली तरी घुमत असणार. बँडला काचेकडं पाठ करून उभं करू नका, त्यांच्या मागं जाड काहीतरी हवं. फोमच्या महागड्या पाट्या विकायला कुणी येईल, त्याला चहा पाजून परत पाठवा. घरातल्या आणि नातेवाइकांकडच्या जुन्या गोधड्या गोळा करा. भिंतीपासून चार बोटं पुढं दोरीवर टांगा, भिंतीला चिकटवू नका. मागं हवा राहिली की जास्त आवाज मुरतो. काचेला दुपदरी जाड पडदा. ड्रमखाली सतरंजी. यानं वरचा गोंगाट जाईल, खर्ज जाणार नाही. खर्जासाठी मोठे स्पीकर आणूच नका, तुमच्या खोलीला दोन टॉप, म्हणजे साधे स्पीकर, पुरे आहेत, सबवूफर म्हणजे नुसत्या खर्जाचा स्पीकर मागणाऱ्या पोराला सरळ नाही म्हणा. रिकाम्या खोलीत तपासताना आवाज कर्कश वाटेल, माणसं भरली की तीच खोली मऊ होते, त्यामुळं घाईनं काही बदलू नका.

स्टेज बांधू नका. पायरीभर उंची पुरे, नाहीतर तेही नको. पन्नासच्या वर माणसं घेऊ नका, आणि जिन्यात खोकी ठेवायची तुमच्या पोऱ्यांची सवय त्या दिवसापुरती तरी मोडा.

शेवटचं, खालच्या डीप फ्रीजची लाइन वेगळी करून घ्या. कॉम्प्रेसर चालू झाला की स्पीकरमधून ‘ठप्प’ येतं, तेही नेमकं हळू गाण्यात. वायरमनचं एका दिवसाचं काम आहे. तारीख ठरली की मला कळवा, माझं भाडं मात्र आधी बोलून घेऊ.